हप्ता दरमहा, मिळकत हंगामी: आमच्या कर्जफेडीचे चाळीस महिने

५ जून २०२५ रोजी आमच्या कुटुंबावरील शेवटच्या कर्जाचा शेवटचा हप्ता खात्यातून वळता झाला. मार्च २०२२मध्ये सुरू केलेली कर्जफेड चाळिसाव्या महिन्यात पूर्ण झाली. या काळात मी घरखर्चाविषयी जे काही वाचले, त्यातले बहुतेक सल्ले 'पगार झाला की पहिल्या तारखेला' अशा शब्दांनी सुरू होत. आमच्या घरात पगार एकच होता आणि तोही लहान. घराचा मोठा भार ज्या दुकानावर होता, त्याची मिळकत पावसावर आणि विहिरीतल्या पाण्यावर ठरत होती. मराठवाड्यातल्या अनेक घरांची हीच स्थिती असल्याने आमचा अनुभव तारखा आणि आकड्यांसह लिहून ठेवते आहे.

आम्ही लातूर शहरात राहतो. मी एका खासगी रक्ततपासणी केंद्रात तंत्रज्ञ आहे. २०२२मध्ये माझा पगार १६,५०० रुपये होता. यजमानांचे मोटार वाइंडिंगचे दुकान आहे. शेतकऱ्यांच्या विहिरीवरच्या आणि बोअरच्या मोटारी उन्हाळ्यात पाणी खोल गेले की जळतात, तेव्हा दुकानात रात्री दहापर्यंत काम असते. पावसाळा चांगला झाला की मोटारी बंद राहतात आणि दुकान शांत असते. घर सासऱ्यांनी बांधलेले असल्यामुळे भाड्याचा प्रश्न नव्हता. घरात सासूबाई, नववीतली मुलगी आणि पाचवीतला मुलगा अशी आम्ही पाच माणसे.

कर्ज एका दिवसात झाले नव्हते. २०१८ साली नणंदेच्या लग्नासाठी सोने गहाण ठेवले, २०१९मध्ये दुकानासाठी पतसंस्थेचे कर्ज घेतले, त्यानंतर टाळेबंदीत दुकान बंद राहिले आणि एप्रिल २०२१मध्ये सासरे करोनाने आजारी पडून सतरा दिवस रुग्णालयात होते. ते वाचले नाहीत. त्या सतरा दिवसांत जिथून मिळेल तिथून पैसे उभे केले आणि त्याबद्दल मला आजही खेद नाही. खेद आहे तो नंतरच्या दहा महिन्यांचा, ज्यात आम्ही एक हप्ता भरण्यासाठी दुसरीकडून उचल करत राहिलो आणि एकूण आकडा किती झाला हे एकमेकांना कधीच विचारले नाही.

रविवार, २७ फेब्रुवारी २०२२ रोजी रात्री मुले झोपल्यावर आम्ही दोघांनी मुलीच्या एका जुन्या वहीच्या मागच्या पानावर सगळे लिहून काढले. बँकेचे वैयक्तिक कर्ज २,४६,००० रुपये, व्याज साडेचौदा टक्के, हप्ता ७,९०० रुपये. पतसंस्थेचे १,६०,००० रुपये, तेरा टक्के, हप्ता ५,२००. दोन क्रेडिट कार्डांवर मिळून ९२,००० रुपये, दरमहा साडेतीन टक्के. सोनेतारण ८४,००० रुपये. सावकाराचे ५०,००० रुपये, शेकडा चार रुपये महिना. माझ्या दादाचे ३५,००० आणि किराणा दुकानाची उधारी १७,०००. एकूण ६,८४,००० रुपये. सावकाराच्या रकमेविषयी मला त्या रात्रीपर्यंत ठाऊक नव्हते आणि दुसऱ्या कार्डाविषयी यजमानांना. त्यांनी सावकाराला सही करून कोरा धनादेशही दिलेला होता. बराच वेळ आम्ही काही बोललो नाही. शेवटी ते एवढेच म्हणाले, "आता यात आणखी काही लपलेलं नाही." पुढच्या सगळ्या महिन्यांत हे वाक्य मला फार उपयोगी पडले, कारण त्या आकड्याची भीती होती, तरी तो आता वाढणार नव्हता.

मार्च महिना आम्ही काहीही न कापता फक्त लिहिण्यात घालवला. खर्च आधी कापायला गेलो असतो तर अंदाजानेच कापला असता. महिन्याचा खर्च २९,४०० रुपये निघाला. त्यात किराणा ९,८०० रुपयांचा होता, कारण उधारीच्या वहीवर सामान आणताना कोणीही भाव विचारत नाही आणि दुकानदारालाही तो सांगण्याची गरज वाटत नाही. मोबाइलवरून केलेल्या दहा, वीस, पन्नास रुपयांच्या किरकोळ भरण्यांची बेरीज ३,५०० रुपये झाली. ही बेरीज आम्हां दोघांनाही खरी वाटेना, म्हणून बँकेच्या विवरणपत्रावरून ती पुन्हा पडताळून पाहिली.

२०१६च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आले होते, तेव्हा इथल्या प्रत्येक घराने पाणी घागरींवर मोजले आहे. पिण्याचे वेगळे, भांड्यांचे वेगळे, आणि भांड्यांचे वापरलेले पाणी पुन्हा कशासाठी, हे सासूबाईंनी तेव्हा ठरवून दिले होते. एप्रिलपासून मी स्वयंपाकघरातले चार डबे पैशांसाठी रिकामे केले, तेव्हा त्यांना काही समजावून सांगावे लागले नाही. भाजी-दूध, किराणा, औषधे, आणि पेट्रोल असे चार डबे. महिन्याची रक्कम रोख काढून त्यात ठेवायची आणि डबा संपला की तो खर्च पुढच्या महिन्यापर्यंत थांबवायचा. औषधांच्या डब्याला मात्र हा नियम लावला नाही. तीन महिन्यांत घरखर्च १७,५०० रुपयांवर आला.

फेडीचा क्रम व्याजाच्या दरावरून ठरवला. मोठी रक्कम आधी डोळ्यांत भरते, पण खरे नुकसान सावकाराच्या ५०,००० आणि कार्डांच्या ९२,००० रुपयांत होते. लहान कार्डाचेच पाहा. त्यावर ३१,००० रुपये थकलेले होते आणि किमान भरणा १,५५० रुपये होता. त्यातले १,०८५ रुपये व्याजात आणि १९५ रुपये व्याजावरच्या जीएसटीत जात होते, म्हणजे मूळ रक्कम जेमतेम २७० रुपयांनी कमी होत होती. किमान रक्कम वेळेवर भरली म्हणजे आपण कर्ज फेडत आहोत, असे मी वर्षभर समजत होते. मोठ्या कार्डाची ६१,००० रुपयांची थकबाकी बँकेला विनंती करून बारा हप्त्यांत वळवून घेतली. व्याज महिन्याला दीड टक्का पडले आणि हप्ता सुमारे ५,६०० रुपये झाला. या सोयीसाठी आपणहून विचारावे लागते, आणि हप्ते सुरू असताना ते कार्ड पुन्हा वापरायचे नाही हे आधी पक्के ठरवावे लागते.

सावकारासाठी यजमानांनी त्यांची दुसरी मोटारसायकल २४,००० रुपयांना विकली. उन्हाळ्याचा हंगाम चांगला गेला आणि २८ मे २०२२ रोजी पूर्ण ५०,००० रुपये परत केले. सावकाराला रोख हवी होती. आम्ही खात्यावरच पाठवू असा आग्रह धरला, म्हणून आमच्याकडे पुरावा राहिला. धनादेश मागितल्यावर मात्र 'सापडत नाही' असे उत्तर मिळाले. सोमवारी आम्ही सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधक कार्यालयात गेलो. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ खाली सावकारीच्या परवान्यांचे आणि तक्रारींचे काम तिथून चालते, हे आम्हांला एका वकिलांकडून समजले होते. परवानाधारक सावकारालाही शेतकरी नसलेल्या व्यक्तीकडून विनातारण कर्जावर वर्षाला अठरा टक्क्यांहून अधिक व्याज घेता येत नाही आणि आम्ही अठ्ठेचाळीस टक्के देत होतो, हे तिथे बसून ऐकताना मला रडू आले. अर्ज कसा लिहायचा हे तिथल्या लिपिकांनी नीट सांगितले. आम्ही अर्ज लिहून तयार ठेवला आणि तसे त्या गृहस्थांना कळवले. नवव्या दिवशी धनादेश परत मिळाला. ज्यांचा असा कोरा धनादेश किंवा कोऱ्या कागदावरची सही अडकलेली आहे, त्यांनी त्या कार्यालयात जायला संकोच करू नये. आम्ही फार उशिरा गेलो.

यानंतर आमच्याकडून मोठी चूक झाली. एक ओझे उतरल्याच्या आनंदात जूनमध्ये हातात असलेले ३१,००० रुपये भरून लहान कार्डही मोकळे केले. त्याच महिन्यात दोन्ही मुलांची फी भरली. जुलैमध्ये दुकानाची मिळकत १४,००० रुपयांवर आली आणि ५ ऑगस्टला वैयक्तिक कर्जाचा हप्ता परत गेला. खाते असलेल्या बँकेने हप्ता परत गेल्याचे जीएसटीसह ५९० रुपये कापले, कर्ज देणाऱ्या बँकेने वेगळा दंड लावला आणि तीन दिवसांनी रात्री पावणेनऊ वाजता वसुलीचा फोन आला. बोलण्याची भाषा चांगली नव्हती. वसुलीसाठी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करता येत नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. मी फोनची तारीख आणि वेळ लिहून बँकेच्या तक्रार विभागाला ईमेल केला. तीस दिवसांत उत्तर न मिळाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते, हेही त्यात नमूद केले. अकराव्या दिवशी दिलगिरीचे उत्तर आले आणि पुन्हा तसा फोन आला नाही. तो हप्ता आम्ही बचत गटातून शेकडा दोनने १५,००० रुपये घेऊन त्याच महिन्यात भरला. नवे कर्ज काढायचे नाही, हा निश्चय सहा महिन्यांतच मोडला होता आणि त्या आठवड्यात मला सगळेच व्यर्थ वाटत होते.

१५ ऑगस्टला दोघांनाही सुट्टी होती. यजमानांनी दुकानाच्या मागच्या दोन वर्षांच्या पावती-पुस्तकांवरून प्रत्येक महिन्याची निव्वळ मिळकत काढली आणि आमची चूक कुठे झाली ते समोर आले. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत दुकानातून मिळून ६०,००० रुपये येत होते आणि एकट्या एप्रिलमध्ये ५३,०००. आम्ही मात्र प्रत्येक महिन्याचे अंदाजपत्रक वेगळे मांडत होतो, त्यामुळे उन्हाळ्यातली शिल्लक आम्हांला मोकळी रक्कम वाटत होती, वास्तविक ते पावसाळ्यातले हप्ते होते. त्या दिवशी बारा रकान्यांचा तक्ता केला. प्रत्येक रकान्यात अपेक्षित मिळकत, घरखर्च, हप्ते, आणि वर्षातून एकदा येणारे खर्च लिहिले: जूनची फी, दिवाळी, वेळअमावस्या, घरपट्टी, उन्हाळ्यातले पाण्याचे टँकर, लग्नसराईतले आहेर, वर्षाचे धान्य. या एकदाच येणाऱ्या खर्चांची बेरीज ६३,००० रुपये झाली. मासिक हिशेबात ती आम्ही कधी धरलीच नव्हती आणि दरवर्षी तेवढीच उचल होत होती. ३१ मेपर्यंत ४०,००० रुपये वेगळ्या खात्यात असल्याशिवाय कोणतेही कर्ज मुदतीआधी फेडायचे नाही, असा नियम केला. हप्त्यांसाठी वेगळे खाते ठेवले आणि त्याचे एटीएम कार्ड घेतलेच नाही. माझ्या मते आमची कर्जफेड खऱ्या अर्थाने त्या दिवशी सुरू झाली.

धान्याचा बदल सर्वांत फायद्याचा ठरला. पूर्वी सासरे असताना वर्षाचे धान्य भरले जात असे, नंतर ती पद्धत मोडली होती. २०२३पासून नवी तूर निघाल्यावर डाळ, मग ज्वारी आणि शेवटी गहू, असे तीन टप्प्यांत आडतीवरून आणि एका ओळखीच्या शेतकऱ्याकडून आणले. साधारण १७,००० रुपये लागले. बोरीक पावडर आणि एरंडेल वापरून धान्य कसे टिकवायचे, हे सासूबाईंच्या हातचे काम. त्यानंतर महिन्याचा किराणा ५,६०० रुपयांच्या वर गेला नाही आणि तो गंजगोलाईच्या बाजारपेठेतून, रोखीने आणि भाव विचारून आणला. जुन्या दुकानदाराची १७,००० रुपयांची उधारी दरमहा हजार रुपयांनी फेडली. आम्ही सामान दुसरीकडून आणत होतो तरी त्यांनी एकदाही टोकले नाही, कारण दर पाच तारखेला पैसे पोहोचत होते.

आहेरांचा प्रश्न पैशांपेक्षा मनाला अधिक अवघड होता. २०२२च्या लग्नसराईत आम्ही सोळा लग्नांना गेलो होतो, आणि आपल्याकडे साडी-टोपीचा मान चुकला तर वर्षानुवर्षे लक्षात राहते. पुढच्या वर्षी सासूबाईंनीच ठरवले की जवळच्या चार घरी रीतसर आहेर करायचा आणि बाकी ठिकाणी पाकीट द्यायचे. दोन ठिकाणी नाराजी झाली. एका नातेवाईक बाईंना मी कर्जाविषयी स्पष्ट सांगितले, तेव्हा त्यांनी माझा हात धरून त्यांच्याही घरची तीच स्थिती असल्याचे सांगितले.

दुकानाची उधारी हा आणखी एक विषय. आम्ही व्याजाने पैसे घेत होतो त्याच वेळी गिऱ्हाइकांकडे आमचेच ७१,००० रुपये अडकलेले होते. शेतकऱ्याची मोटार उभ्या पिकाच्या वेळी जळते आणि पैसे सोयाबीन किंवा तूर विकल्यावर येतात. त्यांच्यावर घाई करणे यजमानांना पटत नव्हते आणि मलाही पटत नाही. मार्ग असा काढला की तांब्याच्या तारेचा खर्च काम घेतानाच घ्यायचा आणि मजुरी सुगीवर ठेवायची. बहुतेकांनी ते मान्य केले, कारण तार विकत आणावी लागते हे त्यांनाही दिसत होते.

मार्च २०२३मध्ये मोठ्या कार्डाचे हप्ते संपले. सोनेतारण दोन पावत्यांत विभागलेले होते, त्यामुळे मे २०२३मध्ये ४०,००० रुपये आणि व्याज भरून माझे गंठण सोडवता आले आणि मार्च २०२४मध्ये ४४,००० रुपयांवर सासूबाईंच्या पाटल्या. सोने ठेवायची वेळ आलीच तर ते एकाच पावतीवर ठेवू नये, असे मी आग्रहाने सांगेन; सगळी रक्कम एकदम जमण्याची वाट पाहावी लागत नाही. सोडवताना दागिने तिथेच वजन करून, पावतीवरच्या वजनाशी ताडून घेतले. पाटल्या हातात घातल्यावर सासूबाई देवघरात जाऊन बराच वेळ बसल्या होत्या.

पतसंस्थेचे उरलेले सुमारे ५२,००० रुपये ३० मे २०२४ रोजी एकरकमी भरले. बेबाकी दाखला चार दिवसांत मिळाला, पण कर्ज घेताना कापलेली भागांची (शेअर्सची) रक्कम संचालक मंडळाच्या सभेनंतर, पाच आठवड्यांनी मिळाली. त्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो. दाखल्याची प्रत आम्ही दोन्ही जामीनदारांना घरी जाऊन दिली. त्यांतल्या एकांना मुलाच्या शिक्षणासाठी कर्ज काढायचे होते आणि आमच्या जामिनामुळे ते अडकून पडले होते. दोन वर्षे ते रोज समोरून जात होते, पण त्यांनी हे कधी बोलून दाखवले नव्हते.

३ नोव्हेंबर २०२४ला भाऊबीज होती. ओवाळून झाल्यावर मी दादाच्या हातात ३५,००० रुपयांचे पाकीट ठेवले. तो घेईना, 'मी कधी मागितले का' असे म्हणत राहिला. मी त्याला म्हटले, "दादा, तू मागितले नाहीस म्हणूनच ते इतके मागे राहिले, आणि तेच मला जड झाले." तेव्हा त्याने घेतले.

त्याच महिन्यात वैयक्तिक कर्ज मुदतीआधी बंद करावे असे वाटत होते. बँकेकडून कर्ज बंद करण्याच्या रकमेचे लेखी पत्र मागवले. बाकी सुमारे ४७,७०० रुपये होती. मुदतपूर्व फेडीचे शुल्क चार टक्के आणि त्यावर अठरा टक्के जीएसटी मिळून सुमारे २,२५० रुपये होत होते. उरलेल्या सात हप्त्यांतले एकूण व्याज मात्र सुमारे २,१०० रुपयेच होते. म्हणजे लवकर फेडून तोटाच झाला असता. म्हणून हप्ते चालू ठेवले आणि पैसे मुदतठेवीत टाकले. कर्जाच्या सुरुवातीच्या काळात हेच गणित अगदी उलट येऊ शकते, त्यामुळे ते पत्र मागवून आकडे मांडल्याशिवाय निर्णय घेऊ नये.

शेवटच्या हप्त्यानंतर बाविसाव्या दिवशी 'बाकी नाही' असे पत्र आले. त्याआधीच मी सिबिलचा, म्हणजे प्रत्येकाच्या कर्जांच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थेचा, अहवाल काढला होता. वर्षातून एकदा तो विनामूल्य मिळतो. त्यात लहान कार्ड अजून चालू दिसत होते आणि त्यावर वार्षिक शुल्काची बाकी होती. २०२२मध्ये पैसे भरल्यावर मी ते कार्ड कात्रीने कापून टाकले होते, पण ते बंद करण्याचा अर्ज केला नव्हता. आता रीतसर अर्ज केला. बाकी नसलेले कार्ड अर्ज मिळाल्यापासून सात कामकाजाच्या दिवसांत बंद करणे बँकेला बंधनकारक आहे, त्यामुळे आधी ती किरकोळ बाकी भरली आणि त्याच दिवशी अर्ज दिला. अहवालातली नोंद दुरुस्त करण्याची विनंती सिबिलच्या संकेतस्थळावर केली आणि अर्जाचा क्रमांक वहीत लिहून ठेवला. पंचविसाव्या दिवशी खाते बंद असल्याची नोंद आली. मोठ्या कार्डाचाही अर्ज त्याच आठवड्यात दिला.

जुलैपासून ७,९०० रुपये त्याच पाच तारखेला, त्याच खात्यातून टपाल कार्यालयाच्या आवर्ती ठेवीत जातात. बारा रकान्यांचा तक्ता अजून स्वयंपाकघराच्या दाराआड लावलेला आहे. दुकानाची उधारी ७१,०००वरून २६,०००वर आली आहे. तिच्यातल्या नऊ गिऱ्हाइकांची नावे यजमानांनी वेगळ्या कागदावर काढली आहेत आणि सोयाबीनची रास झाली की ते एकेकाकडे जाऊन येणार आहेत.